पॉइंट टू टू म्हणजे नक्की केवढं? (छर्रे, पेंटबॉल आणि काडतुसांची मापं)

हातगुण:
मंडळी, प्रश्न बावळट आहे हे आधीच कबूल करतो, हसायचं असेल तर हसून घ्या पण मग उत्तर द्या.

दोन महिने झाले एअर रायफल शिकतोय. रेंजवर मास्तरांनी दिलेला छर्र्यांचा डबा संपला म्हणून स्वतःचा मागवायला बसलो आणि डोकं गरगरलं. एका डब्यावर ४.५ मिमी, दुसऱ्यावर .१७७, तिसऱ्यावर ४.५० आणि ४.५१ असे दोन वेगळे प्रकार, वजन कुठे ग्रेनमध्ये तर कुठे ग्रॅममध्ये. त्यातच ४.५ चे स्टीलचे गोल मणी पण दिसले, ते फारच स्वस्त. तेच घेऊ का?

वर गेल्या रविवारी मित्रांनी पेंटबॉलला ओढून नेलं. काउंटरवरचा पोरगा विचारतो पॉइंट फिफ्टी देऊ का पॉइंट सिक्स्टीएट, मी आपलं मोठेपणाने म्हटलं मोठंच दे, संध्याकाळी मांडीवर तीन जांभळी वर्तुळं.

तिसरं म्हणजे सासऱ्यांकडे लायसनची जुनी दुनळी आहे, बारा बोअर. हे बारा म्हणजे काय बारा? मिलिमीटर तर नक्की नाही, माझा अंगठा आत जातो.

जुनी दुनळी:
बाकीचं नंतर सांगतो. आधी अंगठा बाहेर काढा. रिकामी असली तरी नळीच्या तोंडाशी शरीराचा कुठलाही भाग नको.

हातगुण:
काढला काका :) उघडून बघितली होती, रिकामीच होती. पण बरोबर आहे तुमचं.

मोजपट्टी:
कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास किंवा गोळीची जाडी. इंचात सांगितलं तर पॉइंट लावून, .२२ म्हणजे एका इंचाचे शंभरातले बावीस भाग, आणि २५.४ ने गुणलं की मिलिमीटर. .१७७ गुणिले २५.४ बरोबर ४.५, म्हणजे तुझे पहिले दोन डबे एकाच मापाचे आहेत. एअरगनमध्ये चार मापं जास्त भेटतात, .१७७ म्हणजे ४.५ मिमी, .२० म्हणजे ५, .२२ म्हणजे ५.५ आणि .२५ म्हणजे ६.३५. वजनाचं ग्रेन हे वेगळं एकक आहे, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम. ८.२ ग्रेन आणि ०.५३ ग्रॅम हे सुद्धा एकच झालं.

आता घोळ कुठे होतो ते बघ. एअर रायफलमध्ये .२२ असते, साध्या बंदुकीत .२२ लाँग रायफल (थोडक्यात एलआर) नावाचं काडतूस असतं आणि .२२३ रेमिंग्टन म्हणून तिसरंच असतं. जाडी तिघांची जवळपास सारखी, साडेपाच ते पावणेसहा मिमीच्या मधली. जोर किती? मध्यम ताकदीच्या एअर रायफलचा छर्रा १६ ज्यूलच्या आसपास, .२२ एलआरची गोळी १४० च्या आसपास आणि .२२३ ची १७०० च्या घरात. जाडी तीच आणि जोर शंभरपट. म्हणून नुसतं "पॉइंट टू टू आहे" म्हणणारा माणूस तुम्हाला अजून काहीच सांगत नसतो.

वाचनमात्र:
हे शंभरपट वालं वाचून बसलोच. मग फरक पडतो कशाने?

मोजपट्टी:
मागे काय आहे त्याने. छर्र्याच्या मागे दाबलेली हवा, .२२ एलआरच्या मागे चिमूटभर दारू, .२२३ च्या मागे बाटलीसारखी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) आणि तिच्यात भरपूर दारू. कॅलिबर हा दाराच्या रुंदीचा आकडा आहे, दारातून कोण येतंय ते त्यात कळत नाही.

रंगारी:
पेंटबॉलचं मी सांगते, आठ वर्षं खेळतेय. .६८ म्हणजे १७.३ मिमी, हे मूळ माप. .५० म्हणजे १२.७ मिमी, हे नंतर आलं, बहुतेक ठिकाणी लहान मुलांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना देतात. .६८ ची गोळी ३ ग्रॅमची, .५० ची सव्वा ग्रॅमच्या जवळपास. वेग दोघींचा सारखाच ठेवला तरी मोठीचा दणका अडीचपट, म्हणून तुझी वर्तुळं. पण उलट बाजू पण आहे, .५० हलकी असल्याने वारा लागला की भरकटते, लांब गेली की दम संपतो, आणि अंगावर फुटेलच असं नाही. फुटली नाही तर तुला टिपलं हे सिद्धच होत नाही, मग वादावादी. मोठ्या माणसांनी .६८ च खेळावं असं माझं मत, फक्त जाड कपडे घालून.

वेग मैदानावर क्रोनोग्राफने मोजून घेतात, सेकंदाला २८० ते ३०० फूट ही नेहमीची मर्यादा. कोणी मोजायलाच सांगितलं नाही तर त्या मैदानावर मी खेळत नाही. आणि मास्क पेंटबॉलचाच हवा, साधा गॉगल नाही, खेळ चालू असताना घामाने धुरकटला तरी काढायचा नाही, बाहेर येऊन काढायचा.

मोजपट्टी:
गंमत म्हणजे .५० बीएमजी या हेवी मशीनगनच्या काडतुसाचं कॅलिबर पण १२.७ च. तिकडे १५००० ज्यूलच्या वर आणि रंगारीताईंच्या गोळीत चार-पाच ज्यूल.

रंगारी:
म्हणून आम्ही मैदानावर गन पण म्हणत नाही, मार्कर म्हणतो. मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेलं हत्यार ते, १९८१ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जणांनी ते घेऊन पहिला खेळ खेळला. ताई म्हटलंत ते चालेल.

तिरपातारा:
गोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या की दगडासारख्या होतात आणि जबरी लागतात असं ऐकलंय, खरं का?

रंगारी:
अरे देवा. आमच्यातल्या एकाने हे केलं होतं, रात्रभर ठेवून आणल्या. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या कॅप्सूलसारखं, आत पाण्यात विरघळणारा रंग. गार झालं की ते कवच ठिसूळ होतं. पहिली गोळी नळीतच फुटली, दुसरी तिच्या चिखलात अडकून फुटली, तिसरी कुठे गेली माहिती नाही. पूर्ण खेळभर तो बाजूला बसून काडीने नळी साफ करत होता आणि आम्ही येता जाता त्याला काय रे लागलं का जबरी विचारत होतो. आणि समजा लागलीच असती तरी इजा करायच्या हेतूने असलं काही करणाऱ्याबरोबर कोण खेळेल?

उलट दमट हवेत गोळ्या फुगतात आणि मऊ पडतात. पिशवी एकाच कुशीवर खूप दिवस पडली तर खालच्या बाजूने चपट्या होतात, म्हणून मी अधूनमधून पालथी करते. .६८ लिहिलं तरी खरं माप जरा इकडे तिकडे असतं, काही .६७९ तर काही .६९०. खात्री करायची सोपी युक्ती आहे. नळी मार्करपासून पूर्ण सोडवून हातात घ्या, मागच्या तोंडातून एक गोळी टाका. घरंगळून पलीकडे पडली तर नळी सैल, हवा बाजूने निसटणार आणि वेग दर वेळी वेगळा. आत अडकली आणि फुंकर मारूनही हलेना तर घट्ट, फुटणार. थांबली आणि एका फुंकरीत टुपकन बाहेर आली की जमलं. परत सांगते, नळी सुटी केल्यावरच.

छर्रेबहाद्दर:
हातगुण, स्टीलच्या मण्यांचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. अजिबात घेऊ नकोस.

डब्यातला एक छर्रा नखावर उभा करून बघ. डमरूसारखा आहे ना, पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. घेर डोक्यापेक्षा किंचित मोठा असतो. ट्रिगर दाबला की मागून आलेली हवा त्या पोकळीत शिरते, शिसं मऊ असल्यामुळे घेर फुलतो आणि नळीच्या आट्यांना (आतल्या पिळाच्या खाचांना) चिकटतो, हवा निसटत नाही आणि छर्रा आट्यांबरोबर गरगर फिरत बाहेर पडतो. फिरतो म्हणून सरळ जातो. स्टीलचा मणी नावाला ४.५ पण मोजलास तर साधारण ४.३ ते ४.४ भरतो, कारण तो आटे नसलेल्या गुळगुळीत नळीसाठी आहे. तुझ्या नळीत तो सैल घसरत जाणार, हवा बाजूने पळणार, नेम लागणार नाही, आणि कडक स्टील मऊ आट्यांना घासून नळीची वाट लावणार.

तिरपातारा:
+१. मी ही वाट लावून बसलोय. पहिली रायफल, पहिला महिना, म्हटलं ४.५ म्हणजे ४.५, भरले मणी. दोनेकशे मारले. एक लाकडी फळीला लागून तसाच उलटा आला आणि माझ्या कपाळाच्या कडेला टुप. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. नंतर चांगले छर्रे आणले तरी दहा मीटरवर पुंजका (सगळी भोकं मिळून) बशीएवढा पडायचा, आधी बाटलीच्या झाकणाएवढा पडायचा. नळीत टॉर्च मारून बघितलं तर आट्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या. शिसं आपटलं की बहुतेक वेळा चपटं होऊन जोर हरवतं, स्टील चेंडूसारखं परत येतं. शिशाचे पण कडक वस्तूवर मारू नका, पण स्टीलचे तर मुळीच नको.

हातगुण:
बापरे, बरं झालं विचारलं. मग ४.५० आणि ४.५१ चा फरक खरंच कळतो का, का उगाच?

छर्रेबहाद्दर:
तो डोक्याचा व्यास, हेड साईझ. ४.४९ ते ४.५२ पर्यंत मिळतात. एक शतांश मिलिमीटरने काय होणार असं मला पण वाटायचं. पण दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे होतं. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळे छर्रे मागतात. तू दोन महिन्यांचा आहेस, तुझा स्वतःचा हातच अजून दोन सेंटिमीटर हलत असणार (राग मानू नको), तेव्हा ४.५० घे आणि विसरून जा.

डोक्याचा आकार मात्र बघ. कागदावर मारायला चपट्या डोक्याचे, वॅडकटर म्हणतात, ते कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजताना वाद नाही. गोल डोक्याचा कागद फाडतो आणि कडा लोंबतात. पण पंचवीस मीटरच्या पुढे गोल डोक्याचाच, कारण चपटा हवेला फार अडतो. टोकदार छर्रे दिसायला भारी वाटतात, माझ्या एकाही रायफलने त्यांना नीट ओळख दिलेली नाही. आणि छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, शिसं आहे, रेंजवर खाताखाता छर्रे भरणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

भरकटलेला:
मी .२२ घ्यायच्या विचारात आहे, दणका जास्त ना?

छर्रेबहाद्दर:
स्पर्धा खेळायची असेल तर प्रश्नच मिटला, दहा मीटरला ४.५ च लागते. नसेल तर हिशोब असा, दोन्ही रायफली १६ ज्यूलच्या धर. ४.५ चा ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरने निघेल, ५.५ चा ०.९३ ग्रॅमचा १८५ नेच. म्हणजे .२२ चा उशिरा पोचणार आणि तोपर्यंत जास्त खाली येणार, २५ मीटरवर नळीच्या रेषेपासून ४.५ वाला ढोबळ सहा-सात सेंटिमीटर खाली, ५.५ वाला दहाच्या आसपास. अंतर ओळखण्यात चुकलास तर .२२ जास्त शिक्षा करते. तिचा फायदा वाऱ्यात आणि लांबवर जोर टिकण्यात. घेण्याआधी तुझ्याकडचा कायदा मात्र बघ, काही देशांत एअरगनच्या कॅलिबरवर आणि ज्यूलवर मर्यादा असते.

भरकटलेला:
पण मी बघितलेल्या एकीच्या खोक्यावर १२०० एफपीएस (सेकंदाला फूट) लिहिलंय की.

छर्रेबहाद्दर:
ते बहुतेक हलक्यात हलका बिनशिशाचा छर्रा घालून मोजलेलं असतं. असा हलका स्प्रिंगवाल्या रायफलीत घातला की पुढे हवेची उशीच तयार होत नाही आणि स्प्रिंगने ढकललेला पिस्टन जाऊन थाडकन आपटतो, रिकामा बार काढल्यासारखाच. फार जड घातला तर पिस्टन उलटा उसळतो. स्प्रिंगला मध्यम वजन, ०.५ ते ०.६ ग्रॅम. पीसीपीला म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेलीला जड आवडतात. आणि डमरू छर्रा आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, गेला की डगमगायला लागतो. तुझे १२०० फूट म्हणजे ३६५ मीटर. जाहिरात छान, नेम गेला.

जुनी दुनळी:
आता बारा बोअर. जुनी पद्धत आहे ही. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याचे बारा सारखे गोळे करायचे, त्यातला एक गोळा ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर गोळा लहान, नळी बारीक, ती वीस बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते, नवीन माणूस इथेच फसतो. अपवाद ४१० चा, तो सरळ कॅलिबर आहे, .४१० इंच, १०.४ मिमी.

मोजपट्टी:
हिशोब करून बघितला काका. ४५४ ग्रॅमचे बारा भाग म्हणजे ३७.८ ग्रॅमचा गोळा, शिशाची घनता ११.३४, व्यास येतो साडेअठरा मिमी. चोख! वीसचा १५.६. म्हणजे पेंटबॉल वीस बोअरच्या नळीत शिरणार नाही पण बाराच्या नळीतून घरंगळेल.

रंगारी:
कोणाला कल्पना देऊ नका प्लीज.

जुनी दुनळी:
घरंगळण्यावरून एक दाखवलेलं सांगतो. मी शिकलो तेव्हा आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी बंदूक हातात दिलीच नाही. दोन डमी काडतुसं टेबलावर ठेवली, एक लाल बाराचं, एक पिवळं विसाचं. बाराची बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) पिवळं नळीत सोडलं. ते सळकन आत गेलं आणि पुढे निमुळत्या भागात जाऊन बसलं. मागून बघितलं तर काडतूस दिसतच नाही, चेंबर म्हणजे काडतूस बसायची जागा रिकामी. "आता घाईत असलेला माणूस काय करेल?" म्हणाले, आणि त्याच्या मागे लाल घालून बंदूक बंद केली. काही बोलले नाहीत. मग कपाटातून एक नळी काढून समोर ठेवली, चेंबरच्या पुढे वीतभरावर केळीच्या सालीसारखी उलगडलेली. त्या जागी डावा हात असतो. विसाची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच. एका खिशात दोन मापं कधी ठेवायची नाहीत.

आतल्या छर्र्यांचे नंबर पण उलटेच चालतात. अमेरिकन पद्धतीत १७ मधून नंबर वजा केला की इंचाचे शतांश मिळतात. साडेसात नंबर म्हणजे .०९५ इंच, २.४ मिमी. नऊ नंबर २ मिमी. देशागणिक नंबर थोडे सरकतात म्हणून मिलिमीटर वाचावं. मातीच्या तबकड्यांना साडेसात चालतो, ट्रॅप-स्कीटच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एका काडतुसात २४ ग्रॅमच भार असतो. जास्त भरलं म्हणजे जास्त लागतं असं नाही, खांदा तेवढा सुजतो.

वाचनमात्र:
वाचनखूण साठवली. पिस्तुल-रिव्हॉल्वरचं पण लिहा ना कोणीतरी, .३८ मोठं का .३५७?

मोजपट्टी:
दोघांची गोळी .३५७ इंचाचीच :) जुन्या काळी गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाइतकी जाड असायची (.२२ एलआर मध्ये अजून तशीच आहे), पुढे गोळी पुंगळीच्या आत बसवायला लागले, ती बारीक झाली पण .३८ हे नाव राहून गेलं. .३५७ मॅग्नम ची पुंगळी मुद्दाम साडेतीन मिमी लांब केली, ती .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये म्हणून, कारण तिचा दाब खूप जास्त. उलट .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालतं.

मिमीवाली नावं जरा शहाणी आहेत, ९×१९ म्हणजे गोळी ९ ची, पुंगळी १९ लांब. पण ९×१८ माकारोव्ह ची गोळी प्रत्यक्षात ९.२७ ची. ७.६२×३९ आणि ७.६२×५१ दोन्हीत आकडा तोच, गोळ्या वेगळ्या जाडीच्या. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे दारूचं वजन ग्रेनमध्ये. एकच नियम नाही. सगळ्यात वाईट .३०० ब्लॅकआउट, पुंगळी .२२३ चीच आखूड केलेली, त्याच मॅगझिनमध्ये (रायफलीला लावायच्या काडतुसांच्या पेटीत) बसते, कधी कधी .२२३ च्या चेंबरमध्ये पण शिरते, आणि मग पावणेआठ मिमीची गोळी पावणेसहाच्या नळीत. रायफल फुटते.

तिरपातारा:
.२२३ आणि ५.५६ तरी एकच ना? सगळे तेच म्हणतात.

मोजपट्टी:
बाहेरून एकच. पण ५.५६ नाटो जास्त दाबाचं भरलेलं असतं आणि त्याच्या रायफलीत चेंबरपुढे गोळीला थोडी जास्त मोकळी जागा असते. .२२३ ची काडतुसं ५.५६ च्या रायफलीत चालतात, उलटं करू नये. "माझ्या मित्राने केलं, काही झालं नाही" हे वाक्य यावर येणारच आहे, म्हणून आधीच नमस्कार.

जुनी दुनळी:
नळीवर काय कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर काय ठोकलंय, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. खोक्यावर विश्वास नको, खोक्यात कोणीही काहीही भरून ठेवतं. आणि बार नेहमीपेक्षा फुसका वाजला तर थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते.

हातगुण, सासऱ्यांच्या दुनळीची चेंबर लांबी किती? बोअर जुळला म्हणजे झालं नाही. ६५, ७०, ७६ मिमी अशा असतात, जुन्या बंदुकी बऱ्याचदा ६५ च्या. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उलगडतं तेव्हाची, बंद असताना ते आखूड दिसतं. म्हणून लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं आणि उलगडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसून वाट चिमटतं. दाब चढतो.

हातगुण:
बघून सांगतो काका.

बाकी अपडेट, मास्तरांनी चार डब्यांतले थोडे थोडे छर्रे दिले, बैठकीवर रायफल टेकवून पाच-पाचचे पुंजके मारले. छर्रेबहाद्दरांना खाजगी निरोपात विचारलं होतं, ते म्हणाले नवा प्रकार लावला की पहिले दहा-पंधरा मोजू नकोस, नळीला नवीन शिसं लागायला वेळ लागतो, तसं केलं. सगळ्यात महाग वाला चौथा आला! ०.५३ चा वॅडकटर पहिला, पाचही भोकं एकात एक. मग उभं राहून मारले आणि चारही डबे सारखेच दिसायला लागले.

छर्रेबहाद्दर:
हाहा, म्हटलं होतं ना.

हातगुण:
काका, आत्ता सासऱ्यांशी बोललो. त्यांनी आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते बघितलं, मग चष्मा लावून नळीच्या खालचं वाचलं. १२ आणि पुढे ६५. कपाटात दोन खोकी आहेत, दोन्हीवर ७०. काडतुसांवर पण ७० च. म्हणाले गेली वीस वर्षं हीच वापरतोय, धक्का जरा जास्त बसतो एवढंच.

जुनी दुनळी:
त्यांना म्हणावं आता एकही नको. बंदूक गनस्मिथकडे न्या, चेंबर गेजने मोजून घ्या, मागच्या कोणी मालकाने वाढवून घेतलंही असेल, पण ते मोजल्याशिवाय कळणार नाही. बिजागरी सैल झालीय का तेही बघायला सांगा. खोकी तोवर वेगळ्या कुलपात.

हातगुण:
खोकी आजच हलवली. शनिवारी दोघं मिळून जातोय, सासरे जरा रुसलेत पण येतायत.